नगरसेवकाकडे काय मागावं, काय मागू नये

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. त्याआधी बहुतेक शहरांत कित्येक वर्षं प्रशासकांचा कारभार होता. मुंबईत तर मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते. गटार तुंबलं, पाणी कमी आलं, तर सांगायचं कोणाला, हेच लोकांना कळत नव्हतं.

आता तुमच्या प्रभागात निवडून आलेली माणसं आहेत. त्यातली बरीचशी पहिल्यांदाच निवडून आली असतील. तुम्ही त्यांच्याकडे कामं घेऊन जाल आणि जायलाच हवं.

पण जाण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या. त्यांच्या हातात नेमकं काय आहे आणि त्यासाठी त्यांना मिळतं किती. हे माहीत नसलं की माणूस चुकीच्या दारात उभा राहतो. नको ते मागतो. जे हक्काचं आहे ते मागायचं मात्र राहून जातं.

मानधन किती

नगरसेवकांना पगार नसतो, मानधन असतं. राज्य सरकारने २०१७ मध्ये त्याचे दर ठरवले. मुंबईत महिन्याला २५ हजार रुपये. पुणे आणि नागपूरला २० हजार. ठाणे, नाशिक, पिंपरी-चिंचवड यांना १५ हजार. लहान महापालिकांत १० हजार. सभेला हजर राहिल्याचा भत्ता वेगळा असतो, पण तो सभेमागे शंभर-दीडशे रुपयांच्या घरातला. आमदारांसारखं निवृत्तिवेतन नाही.

आता एक साधा हिशेब करू. मुंबईत २२७ नगरसेवक आहेत. प्रत्येकी २५ हजार धरले, तर वर्षाचे ६ कोटी ८१ लाख रुपये होतात. ऐकायला मोठी रक्कम वाटते. पण मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं. म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात नगरसेवकांच्या मानधनाचा वाटा एक पैसासुद्धा भरत नाही.

म्हणून मानधनावरून चिडू नका. तुमचं लक्ष उरलेल्या ९९ रुपये ९९ पैशांवर हवं. ते कुठे जातात, हे बघायलाच तुम्ही या माणसांना तिथे पाठवलं आहे.

आता दुसरा हिशेब. या निवडणुकीत मुंबई, पुणे आणि नागपूरच्या उमेदवाराला १५ लाख रुपयांपर्यंत खर्च करायची परवानगी होती. मुंबईच्या नगरसेवकाचं पाच वर्षांचं सगळं मानधन मिळून १५ लाखच होतं. पुण्यात ते १२ लाख होतं.

एवढ्यातच संपर्क कार्यालयाचं भाडं आहे. तिथे बसणाऱ्या मुलाचा पगार आहे. फोन आहे, पेट्रोल आहे. वर लोकांच्या अपेक्षा आहेत. गणपतीची वर्गणी, दहीहंडीची बक्षिसं, लग्नातले आहेर, देवदर्शनाच्या बसगाड्या, दिवाळीचं उटणं.

हे सगळं मानधनात बसत नाही. मग पैसे येतात कुठून? कोणाचा स्वतःचा व्यवसाय असतो, कोणाच्या मागे पक्ष असतो. पण ज्यांच्यामागे यातलं काहीच नाही, त्यांच्या दारात ठेकेदार येऊन उभा राहतो. त्याचे उपकार एकदा घेतले की त्याच्या कामाकडे बोट दाखवता येत नाही. गेल्या वर्षी बसवलेले पेव्हर ब्लॉक या पावसाळ्यात उखडतात, त्यामागे कधीकधी हे कारण असतं.

तुम्ही फुकटची सहल मागितलीत, तर तिची किंमत कुठून ना कुठून वसूल होते. बहुतेक वेळा ती तुमच्याच रस्त्यातून होते. हे लक्षात ठेवा आणि घरातल्या पोरांनाही सांगा.

निधी कोणाचा

‘अमुक यांच्या निधीतून’ अशी पाटी तुम्ही कोपऱ्याकोपऱ्यावर वाचता. तो निधी नगरसेवकांच्या खात्यात जमा होत नाही. तो महापालिकेचाच पैसा असतो, प्रभागातल्या छोट्या कामांसाठी बाजूला काढलेला.

नगरसेवक काम सुचवतात. अभियंता जागेवर येऊन एस्टिमेट तयार करतो. टेंडर निघतं. वर्क ऑर्डर दिली जाते. काम झाल्यावर बिल महापालिका देते. पैसा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्या घरपट्टीचा, पाणीपट्टीचा आणि सरकारकडून आलेल्या कराच्या वाट्याचा असतो.

म्हणून बाकडं बसवलं, दिवा लागला, तर आभार जरूर माना. काम मनापासून करणाऱ्याला चार चांगले शब्द मिळायलाच हवेत. पण उपकाराखाली दबू नका. पुढच्या वेळी ते बाकडं मोडलं, तर विचारायचा हक्क तुमचाच आहे.

त्यांच्या हातात काय आहे

चार गोष्टी आहेत. चारही महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट, कर आणि अंदाजपत्रक. घरपट्टीचे दर दरवर्षी महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत ठरतात. मुंबईबाहेरच्या महापालिकांत कायद्याने ते २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. स्थायी समिती त्यात फेरफार करते. मग ते महासभेत येतं आणि मंजूर होतं. तुमच्या भागातली पाण्याची जुनी लाइन बदलायची, की दुसरीकडे कारंजं उभं करायचं, हे तिथे ठरतं. तिथे तुमच्या नगरसेवकांना मत आहे. तुम्हाला नाही.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारणं. नगरसेवक प्रशासनाला लेखी प्रश्न विचारू शकतात. रस्त्याचं काम कोणी केलं, किती रुपयांत केलं, खराब झालं तर दुरुस्ती कोण करणार, हे सगळं विचारता येतं. उत्तर सभेसमोर येतं, त्याची नोंद राहते. एका चांगल्या प्रश्नाने पुष्कळ कामं मार्गी लागतात.

तिसरी गोष्ट, समित्या. मुंबईबाहेरच्या महापालिकांत स्थायी समितीत १६ जण असतात. मोठ्या रकमेची टेंडरं त्यांच्यासमोर येतात. याशिवाय प्रभाग समिती असते. ती तुमच्या घराच्या सर्वांत जवळची. कचरा, ड्रेनेज, दिवे, पदपथ असले विषय तिथे मांडता येतात. तुमचे नगरसेवक कोणत्या समितीवर आहेत, ते विचारून ठेवा.

चौथी गोष्ट, पाठपुरावा. तुमचा अर्ज कोणत्या टेबलावर पडून आहे, हे नगरसेवकांना एका फोनमध्ये कळतं. अधिकाऱ्याला जागेवर बोलावून खड्डा दाखवता येतो. कायद्याच्या भाषेत हा फार मोठा अधिकार नाही. पण रोजच्या जगण्यात याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

त्यांच्या हातात काय नाही

महापालिका प्रत्यक्ष चालवायचे अधिकार आयुक्तांकडे असतात. आयुक्त राज्य सरकार नेमतं. नगरसेवक कोणत्याही कर्मचाऱ्याला स्वतःच्या अधिकारात हुकूम देऊ शकत नाहीत. बांधकामाची परवानगी देऊ शकत नाहीत. नळजोडणी मंजूर करू शकत नाहीत. कोणाचा दंड माफ करू शकत नाहीत. टेंडर कोणाला द्यायचं, हे एकट्याने ठरवू शकत नाहीत.

महासभेने एकमताने केलेला ठरावही राज्य सरकार विखंडित, म्हणजे रद्द करू शकतं.

मोठी सवलत द्यायची झाली, तर तीही बहुतेक वेळा सरकारच्याच हातात असते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ मध्ये माफ झाला. तो निर्णय राज्य सरकारचा होता. म्हणून ‘मी तुमची घरपट्टी माफ करतो’ असं कोणी एकट्याने सांगितलं, तर शांतपणे विचारा, ‘कोणत्या ठरावाने? सरकारची मंजुरी आहे का?’

आता पुढची यादी घरात लावून ठेवा. नगरसेवकांकडे जाऊन या कामांसाठी वेळ घालवू नका.

पोलीस ठाण्यातली तक्रार किंवा भांडण: हे काम पोलिसांचं. पोलीस खातं राज्य सरकारचं आहे.

वीज गेली, बिल जास्त आलं: वीज कंपनीकडे जा. महावितरणचे ग्राहक असाल, तर १९१२ वर फोन करा. रस्त्यावरचा दिवा मात्र महापालिकेचा.

रेशनकार्ड: शिधावाटप किंवा तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत.

उत्पन्नाचा दाखला, वय आणि अधिवासाचा दाखला: तहसीलदारांकडून मिळतो. सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज होतो.

मतदारयादीत नाव घालायचं: निवडणूक आयोगाचं काम. तुमच्या भागाच्या बीएलओला, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला भेटा.

खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांवरचा प्रवेश: ऑनलाइन सोडतीने होतो. तिथे कोणाची चिठ्ठी चालत नाही. चिठ्ठीचे पैसे कोणी मागितले, तर तो तुम्हाला फसवतो आहे.

जन्माचा दाखला महापालिकेतूनच मिळतो, पण त्यालाही नगरसेवकांची चिठ्ठी लागत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. बाळ रुग्णालयात झालं असेल, तर नोंद कळवायची जबाबदारी रुग्णालयाची आहे. तुम्ही फक्त नावं आणि पत्ता अचूक लिहिला आहे ना, ते नीट पाहा. नंतर दुरुस्तीला फार त्रास होतो.

एका कागदाचा मात्र खरा उपयोग आहे. आधारवरचा पत्ता बदलायचा आहे आणि तुमच्याकडे पत्त्याचा दुसरा पुरावा नाही, असं असेल तर आधारच्या ठरावीक नमुन्यावर नगरसेवकांचं प्रमाणपत्र चालतं. भाड्याने राहणाऱ्यांना, लग्न होऊन आलेल्या मुलींना हे उपयोगी पडतं. ते मागायला संकोच करू नका. त्यासाठी पैसे द्यायचे नसतात.

काम कसं सांगावं

आधी महापालिकेत तक्रार करा, मग नगरसेवकांकडे जा. हा क्रम उलटा करू नका.

प्रत्येक भागाला महापालिकेचं स्थानिक कार्यालय असतं. मुंबईत त्याला वॉर्ड ऑफिस म्हणतात, पुण्यात क्षेत्रीय कार्यालय, नागपुरात झोन कार्यालय. तुमचं कार्यालय कोणतं, ते शोधून ठेवा. मुंबईत १९१६ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. तक्रार केली की क्रमांक मिळतो. तो कॅलेंडरवर लिहून ठेवा.

‘आमच्याकडे पाणी येत नाही’ एवढंच लिहू नका. त्यातून अभियंत्याला काही कळत नाही. असं लिहा:

‘आमच्या गल्लीत २२ घरं आहेत. दिवाळीपर्यंत सकाळी सहा ते आठ पाणी यायचं. आता पाऊण तास येतं. गल्लीच्या तोंडाच्या चार घरांत दाब चांगला आहे. पिंपळाच्या झाडापुढच्या घरांत नळाला धार लागत नाही. गेल्या महिन्यात झाडाजवळ रस्ता खोदला होता. त्यानंतर हे सुरू झालं.’

हे वाचलं की अभियंत्याला जागा सापडते. लाइन कुठे दबली असेल, कुठे गळती असेल, याचा अंदाज येतो. तुम्ही रोज पाहता, त्यांना ते दिसत नाही. म्हणून जे पाहता ते जसंच्या तसं लिहा.

दिव्याची तक्रार असेल, तर खांबावर रंगवलेला क्रमांक लिहा. चेंबर तुंबलं असेल, तर कोणत्या घरासमोरचं, ते लिहा. खड्डा असेल, तर फोटो काढा आणि शेजारचं दुकान किंवा देऊळ फोटोत येऊ द्या. जागा सापडली नाही म्हणून तक्रार बंद होते, असं पुष्कळदा घडतं.

अर्ज द्याल तेव्हा दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच.

आठ-दहा दिवस थांबा. काम झालं नाही, तर ती पोच घेऊन नगरसेवकांकडे जा. आता त्यांच्या हातात काहीतरी पक्कं आहे. ‘अमुक तारखेचा, अमुक क्रमांकाचा अर्ज आहे, त्याचं काय झालं?’ असं ते अधिकाऱ्याला विचारू शकतात. तोंडी सांगितलेलं काम मागे पडतं. त्यांच्याकडे दिवसभर माणसं येत असतात. सगळं लक्षात ठेवणं कोणालाच शक्य नाही.

एकटे जाऊ नका. गल्लीतल्या चार घरांतली माणसं बरोबर घ्या. त्यात एखादी आजी असू द्या, एखादा कॉलेजात जाणारा मुलगा असू द्या. आरडाओरडा करू नका. जाताना पुढची तारीख ठरवून घ्या. ‘मग आम्ही पुढच्या सोमवारी फोन करू’ असं म्हणा आणि खरोखर करा.

दाखला किंवा परवाना अडला असेल, तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लक्षात ठेवा. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची, हे कार्यालयाने जाहीर करायचं असतं. मुदत उलटली, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पावती जपून ठेवली असेल, तरच हे सगळं जमतं.

चार नगरसेवक असतील तर

मुंबईत एका प्रभागात एकच नगरसेवक असतो. बाकी महापालिकांत बहुतेक ठिकाणी एका प्रभागातून चार जण निवडून येतात. त्यामुळे नेहमीचा अनुभव असा, की पहिले म्हणतात दुसऱ्यांना सांगा, आणि दुसरे म्हणतात ते काम तिसऱ्यांकडे आहे.

यावर उपाय सोपा आहे. एकच पत्र लिहा. वर चौघांची नावं घाला. चौघांनाही प्रत द्या आणि चौघांकडून पोच घ्या. चौघं वेगवेगळ्या पक्षांचे असले, तरी हरकत नाही. तुम्ही मत कोणाला दिलं, हे सांगायची गरज नाही. निवडून आल्यावर ते सगळ्या प्रभागाचे आहेत, ज्यांनी मत दिलं नाही त्यांचेही.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. तुमच्या प्रभागात नगरसेविका असतील, तर पत्र त्यांच्याच नावाने द्या. भेटायला गेल्यावर ‘साहेब कुठे आहेत’ असं विचारू नका. निवडून ताई आल्या आहेत. सभेत मतही त्याच देणार आहेत. त्यांच्याशी बोला. तुम्ही त्यांच्याशी बोलू लागलात, तर त्यांच्या घरच्यांनाही सवय लागेल.

स्वीकृत नगरसेवक वेगळे. ते निवडून येत नाहीत, त्यांना नेमलं जातं. त्यांना सभेत बोलता येतं, मत देता येत नाही. त्यांच्याकडे जायला हरकत नाही, पण अंदाजपत्रकाचं काम निवडून आलेल्यांनाच सांगा.

तुम्ही नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या गावात राहत असाल, तर आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात. तिथे नगराध्यक्ष लोकांच्या मताने थेट निवडून येतात. बाकी रीत हीच. आधी अर्ज, मग पोच, मग नगरसेवक.

मोठं काम केव्हा सांगावं

खड्डा बुजवणं वर्षभर कधीही सांगता येतं. पण नवी ड्रेनेज लाइन, दवाखाना, शाळेची दुरुस्ती, मुलांसाठी मैदान ही कामं अंदाजपत्रकात यावी लागतात. त्यासाठी पैसा आधी ठेवावा लागतो. एप्रिलमध्ये जाऊन मागितलं, तर वर्ष हातचं गेलेलं असतं.

म्हणून दिवाळीच्या आधीच गल्लीतली, सोसायटीतली माणसं एकत्र बसा. या वर्षी आपल्याला सर्वांत जास्त गरज कशाची, ते ठरवा. दहा कामं सांगू नका. दोन सांगा. लेखी द्या. जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक समितीपुढे येतं. तेव्हा पुन्हा जाऊन विचारा, ‘आमचं काम यादीत आलं का?’

पुण्यात २००६ पासून नागरिकांना स्वतःही छोटी कामं सुचवता येतात. क्षेत्रीय कार्यालयात त्याचा अर्ज मिळतो. पुण्यात राहत असाल, तर ही संधी सोडू नका. इतर शहरांतल्या लोकांनी आपल्या नगरसेवकांना विचारावं, की आपल्याकडे अशी सोय का नाही.

कायद्यात क्षेत्र सभेचीही तरतूद आहे. नगरसेवकांनी आपल्या भागातल्या मतदारांना बोलवायचं आणि कामांबद्दल बोलायचं, असा तिचा हेतू आहे. फार थोड्या ठिकाणी ती होते. तुम्ही पत्र लिहून ती मागा. मागितल्याशिवाय ती होणार नाही.

मंजूर झालेलं काम सुरू झालं, की त्यावर नजर ठेवा. कामाची किंमत किती, ठेकेदार कोण, देखभालीची मुदत किती वर्षांची, हे विचारा. मुदतीच्या आत रस्ता खराब झाला, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने करायची असते. माहिती कोणी देत नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. त्यात वर्क ऑर्डरची प्रत मागा.

हे मागू नका

आपल्या बेकायदा बांधकामावर हातोडा पडू नये, म्हणून नगरसेवकांना मध्ये घालू नका. गच्चीवर चढवलेली खोली असो, की दुकानापुढे वाढवलेली शेड असो. नगरसेवकांनी बेकायदा बांधकामाला मदत केली किंवा कारवाईला अडथळा आणला, तर त्यांचं पद जाऊ शकतं. कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. शिवाय आज एका शब्दावर वाचलेली खोली उद्या दुसरा अधिकारी पाडतो. तोपर्यंत त्या खोलीवर कर्ज काढलेलं असतं, मुलाचा संसार तिथे थाटलेला असतो. असं घर कधीच निर्धास्त झोपत नाही.

असं घर किंवा गाळा कोणी विकत असेल आणि ‘नगरसेवक आपलेच आहेत, काही होत नाही’ म्हणत असेल, तर एक रुपयाही देऊ नका. महापालिकेत जाऊन मंजूर नकाशा पाहा. ‘आपलेच आहेत’ हा कुठलाही पुरावा नव्हे.

शेजाऱ्याचं पाणी तोडा, अमक्याची हातगाडी उचला, असल्या सुडाच्या कामांसाठीही जाऊ नका. आज तुमच्या सांगण्यावरून दुसऱ्यावर होतं, ते उद्या दुसऱ्याच्या सांगण्यावरून तुमच्यावर होतं.

आणि कामासाठी पैसे देऊ नका. नगरसेवकांना नको, त्यांच्या कार्यालयातल्या मुलाला नको, ‘मी करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थालाही नको. लाच घेणं गुन्हा आहे. २०१८ पासून लाच देणंही स्वतंत्र गुन्हा आहे. कोणी पैसे मागितले, तर देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. हा फोन मोफत आहे. जबरदस्तीने द्यावे लागले असतील, तर सात दिवसांच्या आत तक्रार करा. तसं केलं, तर कायदा तुम्हाला गुन्हेगार मानत नाही.

चांगल्या माणसाला बळ द्या

एवढं सगळं सांगितलं, म्हणून सगळ्यांकडे संशयाने बघू नका. पहाटे पाण्याच्या टाकीवर जाऊन उभे राहणारे, पावसात पंपाशेजारी रात्र काढणारे नगरसेवक आणि नगरसेविका प्रत्येक शहरात आहेत. मानधन तुम्ही वर पाहिलंच. तेवढ्या पैशात कोणी रोज बारा तास लोकांची कामं करत असेल, तर त्यांची कदर करायला हवी.

कदर करण्याचा मार्गही सोपा आहे. त्यांच्याकडून वर्गणी मागू नका. मंडळाचा हिशेब आपापसांत करा. फराळ आणि सहलीपेक्षा त्यांनी सभेत काय विचारलं, ते विचारा. चांगला प्रश्न विचारला असेल, तर सोसायटीच्या फलकावर लावा. गल्लीतल्या पाच जणांनी महासभेनंतर फोन करून ‘आज आमचा विषय निघाला का?’ एवढं विचारलं, तरी प्रामाणिक माणसाला हुरूप येतो. आणि टाळाटाळ करणाऱ्याला कळतं, की इथे लोकांचं लक्ष आहे.

या महिन्यात घरच्या घरी एवढं करा. एका कागदावर तुमच्या प्रभागाचा क्रमांक लिहा. नगरसेवकांची नावं आणि फोन लिहा. महापालिकेच्या स्थानिक कार्यालयाचा पत्ता आणि तक्रारीचा फोन लिहा. त्याखाली १०६४ लिहा. तो कागद स्वयंपाकघरात, सगळ्यांना दिसेल असा लावा.

मग तुमच्या गल्लीतली एकच अडचण निवडा. शेजाऱ्यांना विचारून अर्ज लिहा. दोन प्रती काढा. पोच घ्या. एक काम असं नीट मार्गी लागलं, की दुसऱ्या कामासाठी तुम्हाला कोणाची ओळख शोधत फिरावं लागणार नाही. गल्लीतली माणसंच विचारतील, ‘पुढचा अर्ज कधी द्यायचा?’